सुपातला हेडलाइट

इंजिन तयार होतं. चाकं होती, कठडे होते, ड्रायव्हरच्या खिडकीला खरी काच होती आणि छपरावर हॉर्नचे दोन भोंगेही होते. राहिला होता फक्त दिवा. इंजिनाच्या कपाळावर एक भोक होतं, आणि त्या भोकात कोणत्या रंगाचा दिवा बसवायचा यावरून सुगतची झोप उडाली होती.

सुगत गंगाखेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. परीक्षानळ्या धुणे, बिघडलेले मीटर दुरुस्त करणे आणि उरलेल्या वेळात पुठ्ठा नि प्लास्टिक कापून छोट्या गाड्या बनवणे हा त्याचा उद्योग. ते सगळं आजवर शेजारीपाजारी कौतुकाने बघून जात. पण हे इंजिन शेजाऱ्यांसाठी नव्हतं. त्याचे सासरे तात्याराव पूर्णेला रेल्वेचे ड्रायव्हर होते आणि या महिनाअखेरीला निवृत्त होत होते. शेवटची गाडी घेऊन ते पूर्णेला उतरणार, स्टेशनवर बँड वाजणार, हार पडणार आणि नंतर रेल्वेच्या सभागृहात सत्कार होणार. त्या सत्कारात जावयाने स्वतःच्या हाताने केलेलं त्यांचं इंजिन त्यांच्या हातात ठेवायचं, असं सुगतने ठरवलं होतं.

आता सासऱ्याला भेट द्यायची म्हटल्यावर इतकी फिकीर कशाला, असं कुणी विचारील. पण तात्याराव म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. एकदा कुणीतरी त्यांना रेल्वेचं चित्र असलेलं कॅलेंडर दिलं. त्यांनी ते हातभर लांब धरून पाहिलं, "ह्याला बफर एकच काढलाय, धक्के झेलायला दोन लागतात," म्हणाले आणि कॅलेंडर परत केलं. वर्षभर घरात भिंत मोकळी राहिली पण एका बफरचं इंजिन लागलं नाही. शिवाय सुगतबद्दल त्यांचं मत मुलगी बघायच्या दिवसापासूनच बेताचं होतं. त्या दिवशी सुगतने अदबीने विचारलं होतं, "मामा, रेल्वे किती वाजता सुटते?" आणि तात्याराव म्हणाले होते, "रेल्वे सुटत नसती. गाडी सुटती." त्यानंतर लग्न झालं, संसार झाला, पण त्या वाक्यापुढे जावई-सासऱ्याचं बोलणं फारसं गेलं नाही. हे इंजिन त्या वाक्याचं उत्तर होतं. त्यात चूक चालणार नव्हती.

दिवा आणायला तो परभणीला गेला. बसस्टँडजवळ योगीराजचं इलेक्ट्रॉनिक सामानाचं दुकान होतं.

"एलईडी द्या. छोटा. पांढरा," सुगत म्हणाला.

"पांढऱ्यात कोणता?" योगीराजने विचारलं.

"पांढरा म्हणजे पांढरा."

"तसं न्हाई ना सर. वॉर्म हाय, नॅचरल हाय, कूल हाय, त्याच्याहून कूल हाय. वॉर्म म्हंजे जरा पिवळा, कूल म्हंजे जरा निळा. शिवाय पिवळ्यातला पिवळा येगळाच. तुमाला कोणता पाहिजे?"

"खरा पाहिजे. रेल्वे इंजिनाला असतो तसा."

"खोटा मी इकतच न्हाई," योगीराज म्हणाला आणि त्याने पाचही रंग काउंटरवर ओतले.

सुगत पाचही घेऊन आला. घरी त्याने ते एकेक करून इंजिनाच्या भोकात लावून पाहिले आणि त्याला धक्काच बसला. पहिला लावला की इंजिन लग्नाच्या मांडवातून आल्यासारखं दिसे आणि पाचवा लावला की दवाखान्यातून. ज्या इंजिनावर इतके दिवस घाम गाळला ते एका दिव्याने आपलं तोंडच बदलत होतं.

मग त्याने विचारपूस सुरू केली. तात्यारावांना विचारायची सोय नव्हती, कारण भेट गुपित होती. त्याची बायको सुकेशनी ड्रायव्हरची मुलगी, तिने ठाम सांगितलं, "पांढरा. आता समद्या इंजिनाचे दिवे बदललेत." सासूबाई मालनबाई फोनवर म्हणाल्या, "पिवळा. तुपावानी. मी काय आज बघायलेय का?" इंजिनाच्या शेडमध्ये काम करणाऱ्या गोपाळला गाठलं तर तो म्हणाला, "पेटतो का न्हाई येवढं आमी बघताव. रंग बघायला त्यो काय लग्नाचा बस्ता हाय का?" शेवटी सुगतने मोबाइलवर व्हिडिओ काढून पाहिले. एकच गाडी त्याच्या मोबाइलवर पिवळी येत होती आणि सुकेशनीच्या मोबाइलवर निळी. दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरून तो बराच वेळ बसला. नवरा-बायकोच्या घरात एका गाडीचेही दोन रंग असावेत, याने तो हादरून गेला.

तेव्हा त्याने ठरवलं की आता डोळ्यांनी बघायचं. गंगाखेडच्या प्लॅटफॉर्मवर टोकाला जाऊन तो येणाऱ्या गाडीकडे रोखून बघत उभा राहिला. रंग तर कळला नाहीच. उलट गाडी गेल्यावर त्याला सगळीकडे हिरवे ठिपके दिसू लागले आणि तो घरी निघाला तो थेट चहाच्या टपरीच्या पातेल्यावर जाऊन आदळला. पण त्यातून एक गोष्ट मात्र त्याला उमगली. दिवा नुसता बघून उपयोग नाही. अंधारात, लांबून, आपले दिवे आणि इंजिनाचा दिवा शेजारी शेजारी दिसले पाहिजेत. बस्त्याला जरीच्या शेजारी जर धरतात तसं.

खेळण्यातले दिवे त्या उजेडापुढे दिसणार नव्हते, म्हणून त्याने योगीराजकडून त्याच पाच रंगांचे मोठे, दणदणीत दिवे आणले. त्यांना ताकद लागते म्हणून मोटरसायकलची जुनी बॅटरी आली. आता ते बसवायचे कशावर? पाटी जड होती, पुठ्ठा वाकत होता. पूर्णेला सासुरवाडीच्या ओसरीत एक जुनं सूप पडलेलं त्याला दिसलं. हलकं, रुंद, धरायला सोपं. सुपाच्या पाठीवर त्याने पाच दिवे ओळीने घट्ट बांधले आणि स्वतःवरच खूश झाला.

त्या सुपासह तो एका संध्याकाळी पूर्णेबाहेर रुळालगतच्या तुरीच्या रानात गेला. दोन गाड्या आल्या. पहिलीचा दिवा पिवळा होता, दुसरीचा पांढराफटक. म्हणजे सासूही खरी होती आणि बायकोही खरी होती. इंजिनागणिक दिवा वेगळा! म्हणजे ज्या इंजिनावर तात्याराव शेवटचे बसतील, त्याच इंजिनाचा दिवा बघायला हवा. आणि त्यांना कोणतं इंजिन मिळणार, हे त्या दिवशी ड्यूटीवर चढेपर्यंत त्यांनाही ठाऊक नसे.

"सत्काराच्या दिवशी तुमी सूप घेऊन रानात जाणार?" सुकेशनीने कपाळावर हात मारला.

"गाडी रानातून गेली की मोटरसायकलवर लगेच स्टेशनला. पूर्णेच्या अलीकडं गाडी तशी बी हळूच असती. मी आधी पोचतो."

"अन् दिवा कवा लावणार?"

"सभागृहात. खिशात असतो सगळा सरंजाम."

सुकेशनी पाहुण्यांना घेऊन स्टेशनला गेली. सुगत बॅटरी मोटरसायकलला बांधत होता, तेव्हा नवी कोरी मोरपंखी साडी नेसलेल्या मालनबाई ओसरीत येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, मी बी येते."

"मामी, तुमी तर सत्कारमूर्ती. तुमी स्टेशनावर पाहिजेत."

"जाऊ की तिथनं. पण मला एकडाव त्यांची गाडी येताना बघायचीय." मालनबाईंनी पदर खोचला. "त्यांचा हॉर्न मला पाठ हाय. गेटाअलीकडं सगळेच देतात, पण ह्यांचा लांब असतो अन् मागून एक बारका. त्यो बारका माझ्यासाठी. त्यो ऐकला की मी तवा ठिवते. घरी येऊस्तर भाकर पानात. जिनगी गेली हॉर्न ऐकण्यात, पण गाडी येताना कवा बघितली न्हाई. बघायची कवा? भाकर करपली असती ना."

सुगतने मोटरसायकलची मागची सीट पुसली. शिवाय सुगतला माणूस हवाच होता. एकाने सूप धरायचं आणि एकाने मागे उभं राहून एक डोळा मिटून रंग ताडायचा, असंच ते काम होतं.

रानात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. रुळापासून बरंच अलीकडे, बांधावर त्याने मालनबाईंना उभं केलं. बॅटरीची तार सुपाला जोडली. पाचही दिवे भक्कन पेटले आणि मालनबाईंच्या साडीचे मोर उजळून निघाले.

"आता काय बी झालं तरी हालायचं न्हाई मामी. असं बाजूला सरळ धरायचं. दिवे माझ्याकडं."

"न्हाई हालत. मला काय थंडी वाजायलीय का?"

सुगत मागे तुरीच्या कडेला जाऊन उभा राहिला. लांबवर एक ठिपका दिसू लागला. ठिपक्याचा दिवा झाला. सुगतने डावा डोळा मिटला. पहिला दिवा... नाही. दुसरा... नाही. तिसरा... जवळपास. चौथा... चौथा जुळत होता! जरासा निळसर, थंड पांढरा. आणखी थोडी जवळ आली की खात्री होणार होती.

तेवढ्यात हॉर्न वाजला. लांबच लांब. आणि त्याच्या मागून एक बारका.

त्या बारक्या हॉर्नने घात केला. इतकी वर्षं जो हॉर्न ऐकला की मालनबाईंचे हात तव्याकडे जात, त्या हातांत आज तवा नव्हता, सूप होतं. आणि बाईच्या हातात सूप आल्यावर हात जे करतात तेच त्या हातांनी केलं. "अहो! मी हितंय!" असं ओरडत मालनबाई आनंदाने सूप वर-खाली, वर-खाली पाखडू लागल्या. पाच दणदणीत दिवे गाडीकडे वळून अंधारात उसळू लागले. ज्वारी पाखडताना फोलपटं उडावीत तसा उजेड उडत होता.

"मामी! हालू नका!" सुगत किंचाळला.

पण आता हलणं मालनबाईंचं राहिलं नव्हतं, ते गाडीचं झालं होतं. असा काही कर्कश आवाज झाला की सुगतच्या दातांना कळ गेली. चाकांखालून ठिणग्या निघाल्या. अख्खी पॅसेंजर हिसके देत, किंचाळत, कण्हत आली आणि बांधासमोरच येऊन थांबली. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. एका डब्यात लहान लेकरू रडू लागलं. आणि इंजिनाचा तो दिवा, ज्याच्यासाठी सुगतने रात्रीचा दिवस केला होता, आता इतक्या जवळून थेट मालनबाईंच्या तोंडावर पडला होता.

तुरीत शिरावं आणि सरळ वालूरपर्यंत पळत सुटावं असं सुगतला वाटलं. पण सासू लख्ख उजेडात सूप धरून पुतळ्यासारखी उभी, तिला टाकून जाणार कुठे? आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, तेवढ्या भीतीतही त्याने एक डोळा मिटून घेतला. चौथाच होता.

इंजिनाची शिडी वाजली. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लाल झेंडी घेऊन तात्याराव खाली उतरले. त्यांचा सहायक पंडित दारात उभा राहून बघत होता.

"कोण हाय रं तिकडं? काय झालं? रूळ तुटलाय का?" तात्याराव पळतच आले आणि टॉर्चच्या उजेडात मोरपंखी साडी दिसताच जागीच खिळले. "अगं... तू?"

मालनबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"कोण गेलं?" तात्याराव आणखी जवळ आले. "सुकेशनी बरी हाय का? बोल की! कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं," मालनबाई कशाबशा म्हणाल्या. "तुमाला बघायला आले."

"बघायला?" तात्यारावांनी झेंडी खाली सोडली. "घरी बघत न्हाईस का तू मला?"

"गाडीत बघायचं व्हतं."

"म्हणून गाडी थांबवलीस?"

"मी कुठं थांबवली? तुमीच थांबवलाव! मी नुसतं जरा सूप..."

"अगं, रातच्याला रुळाकडंला कसला बी उजेड जोरात हालला की ड्रायव्हरनं थांबायचंच. म्होरं पूल पडला, रूळ तुटला, असाच अर्थ. अन् तू उजेड पाखडायलीस!" आता त्यांना तुरीच्या कडेला उभा असलेला जावई दिसला. त्यांनी टॉर्च त्याच्या तोंडावर धरला.

"मामा, रंग... इंजिनाचा दिवा... तुमच्यासाठी एक..." सुगतने जमेल तेवढं सांगितलं. भर रानात, थांबलेल्या पॅसेंजरसमोर, भेटवस्तूचं गुपित फुटलं.

तात्यारावांनी सगळं ऐकून घेतलं. "समदी नोकरी झाली," ते हळू म्हणाले, "कधी सिग्नल चुकला न्हाई, कधी बिनकारणी गाडी थांबली न्हाई. एक डाग न्हाई. पंडित, तूच सांग, हाय का?"

"न्हाई तात्या. जय भीम मामी," पंडित वरून म्हणाला. अशा प्रसंगी नमस्कार घालावा की नाही, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"अन् आज शेवटच्या दिशी, स्टेशन डोळ्याम्होरं असताना... अन् कारण काय तर बायको!"

"चुकलं माझं," मालनबाई म्हणाल्या. "सांगा तसं. बायकोनं थांबवली म्हणून सांगा."

"सांगू? उजेड हालवून गाडी थांबवली तर जेल हाय! जेल!"

मालनबाईंच्या हातातलं सूप गळून पडलं. त्याच क्षणी तात्यारावांच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. शेवटच्या डब्यातले गार्डसाहेब विचारत होते, "तात्याराव, गाडी का थांबली? काय आहे समोर?"

तात्यारावांनी वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला. खोटं बोलण्याची त्यांना सवयच नव्हती. ड्यूटीवर चहा प्यायलात का म्हणून कुणी विचारलं तर "दोन डाव पिलो" असं सांगणारा माणूस. त्यांनी नोकरीकडे, म्हणजे इंजिनाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. सुगतने डोळे मिटले, या वेळी दोन्ही.

"म्हैस," तात्याराव म्हणाले.

"ओके," गार्डसाहेब म्हणाले. "गेली का?"

"जायलीय."

वॉकीटॉकी बंद झाला. पंडितचं तोंड उघडं ते उघडंच. मालनबाईंना आधी जेलचा धक्का बसला होता, आता त्यावर हा दुसरा. "म्हैस?" त्या पुटपुटल्या. पण तात्याराव वळून चालू लागले होते, आणि वळताच थबकले. इंजिनाचा दिवा थेट त्यांच्या डोळ्यांत गेला होता. त्यांनी हात आडवा धरला.

"बाप रे! असा दिसतो व्हय ह्यो?"

"मामा, तुमी कधी बघितला न्हाई?" सुगतला राहवलं नाही.

"कवा बघणार? मी कायम त्याच्या मागं. शेडात पेटतो का न्हाई येवढं बघायचं." ते क्षणभर तसेच डोळे किलकिले करून उभे राहिले, मग एकदा मागे वळून बायकोच्या तोंडाकडे बघितलं, आणि शिडी चढून गेले.

मोटरसायकल स्टेशनला पोचली तेव्हा गाडी लागतच होती. बँड वाजला, हार पडले, पेढे वाटले गेले. तात्यारावांचा चेहरा हारांच्या आत दगडासारखा होता. लोकांना वाटलं, निवृत्तीचं दुःख आहे. सभागृहात व्यासपीठावर एका बाजूला तात्याराव बसले, दुसऱ्या बाजूला मालनबाई, आणि मधे नांदेडहून आलेले मोठे साहेब. सुगत पहिल्या रांगेत मांडीवर इंजिनाचा खोका धरून बसला होता. इंजिनाचं कपाळ अजून रिकामंच होतं, कारण हार-पेढ्यांच्या गर्दीत तार जोडायला सवडच मिळाली नव्हती.

साहेब बोलायला उठले. "मित्रांनो, निवृत्तीच्या दिवशी माणसाचं मन घरी असतं. पण आजच, शेवटच्या फेरीत, अंधारात, रुळावर उभी असलेली म्हैस तात्यारावांनी लांबून पाहिली आणि गाडी थांबवली! एका मुक्या जनावराचे प्राण वाचवले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मालनबाईंनी पदर तोंडाला लावला.

"असं म्हणतात की म्हैस जागची हलत नव्हती," साहेब रंगात आले. "तरी तात्यारावांनी स्वतः खाली उतरून, तिची समजूत घालून..."

सुकेशनी सुगतच्या कानाशी आली. "म्हैस कुठनं आली हो तिथं?"

"गप बस," सुगत म्हणाला.

"पण," साहेबांनी आवाज चढवला, "ज्याने जनावर मोकाट सोडलं त्याला आम्ही सोडणार नाही! त्या रानात कुणाची म्हैस आहे याची चौकशी होईल आणि कारवाई होईल!"

तिसऱ्या रांगेत सिताराम बसला होता. तात्यारावांच्या शेजारचा, आणि त्या तुरीच्या रानाचा मालक. तिथल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, म्हैस होती ती फक्त त्याची. तो ताडकन उभा राहिला. "साहेब, माझी म्हैस दावणीला हाय! मी सोता बांधून आलो! तात्या, तुमी सांगा की, काळी व्हती का भुरी? शिंगं कशी व्हती?"

सगळ्या सभागृहाने तात्यारावांकडे पाहिलं. एक खोटं बोललेला माणूस दुसऱ्यासाठी तोंड उघडू शकत नव्हता. त्यांच्या कपाळावरून घाम हारात ठिबकू लागला. शेजारचा बिचारा सिताराम, ज्याच्या घरचं दूध त्यांच्या चहात पडत होतं, तो त्यांच्या अब्रूपायी दंड भरणार होता.

"नंतर बघू ते," सूत्रसंचालकाने घाईने माइक घेतला. "आता मालनबाईंनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती करतो."

सुगतच्या हातातला खोका निसटता निसटता राहिला. मालनबाई उठल्या. माइकसमोर त्या आयुष्यात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा उभ्याच राहिलेल्या सितारामकडे.

"सितारामभाऊंची म्हैस न्हवती ती," त्या म्हणाल्या. "साहेब, त्यांना काय करू नका. ती म्हैस मीच."

तात्यारावांनी डोळे मिटले. सुगतला समोर जेलचा दरवाजा दिसू लागला.

"मीच उभी व्हते रुळाकडंला," मालनबाई पुढे म्हणाल्या. "ह्यांना येताना बघायचं व्हतं मला. सूप हालवलं मी. ह्यांनी मला वाचवायला म्हैस म्हणलं. ह्यांचा काय दोष न्हाई."

आधी मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मधली रांग हसली. मग साहेब जे हसायला लागले ते थांबेनात. त्यांचा चष्मा खाली आला, त्यांनी टेबलावर थापा मारल्या. "वा! वा मालनबाई! शेजाऱ्याला वाचवायला स्वतः म्हैस झालात! अशी माणसं राहिली नाहीत! जा, नाही करत कारवाई! तुमच्या म्हशीला माफ केलं, सितारामराव, बसा!"

"साहेब, खरंच मी..." मालनबाईंनी पुन्हा सांगून पाहिलं.

"समजलं, समजलं!" साहेबांनी डोळे पुसले आणि शाल त्यांच्याच खांद्यावर घातली. खरं सांगितलं आणि वर शाल मिळाली, या धक्क्याने मालनबाई खुर्चीत मटकन बसल्या.

भेट देण्याची वेळ आली तेव्हा कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं. घरी पोचल्यावर ओसरीतच सुगतने खोका सासऱ्यांपुढे ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिला. तात्यारावांनी इंजिन हातभर लांब धरलं. बफर मोजले, कठडे पाहिले, चाक फिरवून पाहिलं, उलटं करून पोटही पाहिलं.

"चांगलं केलंय," ते म्हणाले.

सुगतला वाटलं, आपल्याला भास झाला. आजच्या सगळ्या धक्क्यांत हा मोठा होता.

मग तात्यारावांनी कपाळावरच्या भोकात बोट घातलं. "अन् हितं?"

"लावतो मामा, आत्ता लावतो! रंग सापडला आज. चौथा. थंड पांढरा, जरासा निळसर. एकदम खरा!" सुगतने खिशातून तारा काढल्या.

"पिवळा लाव."

सुगतचे हात थांबले. "पण मामा, पिवळा न्हवताच तो. तुमी सोता बघितला की."

"बघितला. म्हणूनच म्हणायलो." तात्यारावांनी इंजिन मांडीवर घेतलं आणि मान वर न करता म्हणाले, "त्या पांढऱ्या उजेडात ही उभी व्हती. तोंड असं उतरलं व्हतं जणू मीच हिला उडवायला आलोय. हिनं जिनगीभर माझी वाट बघितली अन् मी येताना पहिल्यांदा हिला दिसलो त्यो असा. घरात मला त्यो उजेड नको."

मालनबाई आत चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अन् मला म्हैस म्हणलाव, त्याचं काय?" त्यांनी आतूनच विचारलं.

"दुसरं काय म्हणू? एकदम तेवढंच सुचलं."

"गाय म्हणता आलं असतं."

तात्याराव विचारात पडले. खरंच, गाय म्हणता आलं असतं. सुगतने मात्र या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं. त्याने रानातून परत आणलेलं सूप ओढलं, खिशातले पाच बारके दिवे त्यात ओतले, पाचांतला सगळ्यात खोटा दिवा वेचला आणि इंजिनाच्या कपाळाला बसवला.